एडीएचडी: बाटलीतले आणि ताटातले

पालक भेटीच्या रविवारी मिठाईच्या डब्यांबरोबर कधीकधी माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटलीही हॉस्टेलमध्ये येते. मुलाचे लक्ष अभ्यासात लागेल, अशी आशा त्यामागे असते. ती कितपत खरी आहे, ते पाहू.

एडीएचडी असलेल्या मुलाला लक्ष टिकवणे, एका जागी बसणे, उतावळेपणा आवरणे कठीण जाते. हा बेशिस्तपणा नव्हे. मेंदूच्या वाढीशी संबंधित ही अवस्था आहे आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

तरी पहिला आरोप साखरेवरच होतो. 1994 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखर खाल्ली की आपला मुलगा बेफाम होतो, असे मानणाऱ्या आयांच्या मुलांना साखर नसलेले गोड पेय दिले. काही आयांना मात्र त्यात भरपूर साखर आहे असे सांगितले. त्यांनाच आपली मुले जास्त चळवळी वाटली! साखर दातांची शत्रू आहेच, पण या गुन्ह्यात ती निर्दोष आहे.

रंगांचे तसे नाही. 2007 मध्ये इंग्लंडच्या साउथहॅम्प्टन विद्यापीठाने सुमारे 300 सर्वसामान्य मुलांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट घातलेली पेये देऊन पाहिली. चंचलता थोडी वाढलेली दिसली. 2010 पासून युरोपात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. कॅन्टीनमधले एखादे भडक नारिंगी पाकीट उलटून घटकांमध्ये 102, 110, 122, 124 हे आकडे शोधा.

आता कॅप्सूल. ओमेगा-3 ने फायदा झालाच तर थोडा होतो, औषधापेक्षा बराच कमी. काही अभ्यासांत तर तो दिसतही नाही. तिच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे. जवसाच्या चटणीतही ओमेगा-3 असते, पण माशातल्या प्रकारात त्याचे रूपांतर शरीर फारच कमी करते. (हे आजीला सांगायची माझी हिंमत नाही.) लोहाच्या गोळ्या रक्ततपासणीत कमतरता निघाली तरच घ्याव्यात, जास्त झालेले लोह अपाय करते.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते बाटलीत नसून मेसच्या वेळापत्रकात आहे. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाने भूक मरते. सकाळी गोळी घेतलेला कॅडेट दुपारी अर्धे ताट टाकतो आणि त्यावरून बोलणी खातो. औषधाचा परिणाम ओसरला की ऐन प्रेपमध्ये त्याला कडकडून भूक लागते, तेव्हा मेस बंद असते. पी.टी., परेड आणि खेळ करून पोटात कमी गेले तर वजन घटते, उंचीची वाढही मंदावू शकते. गोळीआधी अंडी, पराठा, दूध असा भरपेट नाश्ता, दुपारी थोडेच वाढून घ्यायची मुभा आणि रात्री दूध-केळे, एवढ्याने बरेच काम होते. पालकांनी कॅप्सूलऐवजी शेंगदाण्याचे लाडू पाठवावेत, आणि हाउसमास्टर सरांनी ते लॉकरमध्ये ठेवू द्यावेत.