ध्वनिमुद्रिकांची संगणकावरील नक्कल : नादांतील दोष व त्यांचा परिहार

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या कित्येक अभ्यासकांपाशीं जुन्या ध्वनिमुद्रिकाही असतात. मुद्रिका जितकी वाजवावी तितकी झिजते. सबब तिची संगणकावर उतरलेली नक्कल हीच पुढें एकमेव साधार प्रत उरण्याचा संभव असतो. अशा नकलेंत शिरणारे दोष व त्यांचे उपाय येथें क्रमानें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम दोष मूळ प्रतीचा कीं लेखकाच्या हातचा, हें ठरवावें. सुई उचलल्यावरही आवाज राहिला तर तो यंत्राचा. टकटक नियमित अंतरानें येत असेल तर ती बहुधा मुद्रिकेवरील चिरेची. मिनिटास 78 फेऱ्यांच्या मुद्रिकेंत हें अंतर सुमारें 0.77 सेकंद, तर 33⅓ फेऱ्यांच्या मुद्रिकेंत 1.8 सेकंद असतें.

गुंजन.— अखंड खर्ज घुमत असल्यास तो आपल्याकडील 50 हर्ट्झच्या विजेचा समजावा. तबकडीयंत्राची अर्थिंगची तार प्रीअँप्लिफायरला जोडलेली आहे कीं नाहीं तें पाहावें. लॅपटॉपचा चार्जर काढतांच गुंजन थांबलें, तर बॅटरीवरच नक्कल उतरावी.

क्षीण व खर्जहीन आवाज.— चुंबकीय पिकअपमधून निघणारा विद्युद्दाब अवघा कांहीं मिलिव्होल्ट असतो. शिवाय मुद्रिका कोरतांना खर्ज दाबलेला व तीव्र स्वर उठविलेला असतो. फोनो प्रीअँप्लिफायर हें दोन्हीही पूर्ववत् करतो. त्यावांचून नक्कल करूं नये. त्याचा दाब संगणकाच्या लाइन-इनला द्यावा. माइकच्या तोंडीं दिल्यास आवाज फाटतो. मात्र यांतील रूढ प्रमाण 1954 चें असल्यानें त्यापूर्वींच्या मुद्रिकांस तें तंतोतंत लागू पडत नाहीं.

फाटलेला आवाज.— पडद्यावरील लहरींचे माथे सपाट कापलेले दिसल्यास पातळी अधिक झाली आहे. कापलेला भाग परत मिळत नाहीं. म्हणून कमाल मर्यादेखालीं निदान 6 डेसिबल जागा ठेवून पुन्हां उतरावें. माथे शाबूत असूनही कर्कशपणा राहिला, तर सुई मळलेली वा झिजलेली असते, किंवा तिचा भार कमी पडतो.

सुईची निवड.— लाखेच्या मुद्रिकेस सुमारें 75 मायक्रॉन त्रिज्येच्या टोंकाची सुई लागते, तर 1948 पासून निघालेल्या दीर्घवादनाच्या मुद्रिकेस सुमारें 25 मायक्रॉनची. बारीक सुई रुंद चराच्या तळाशीं घासते व खरखर वाढविते. लाखेच्या मुद्रिकेस स्पिरिट कदापि लावूं नये, लाख विरघळते.

पोकळ आवाज.— एकनादी मुद्रिका स्टीरिओ पिकअपनें वाजवून दोन्ही वाहिन्या मिळविल्यास खरखर पुष्कळ घटते. परंतु तसें करतांच गायनच लोपलें, तर एका वाहिनीच्या तारा उलट जोडल्या आहेत.

मध्येंच तुटणें.— हा दोष बहुधा संगणकाचा. त्यावरील इतर कामें बंद करून बफर वाढवावा.

शेवटीं शोधनाविषयीं. खरखर काढणाऱ्या गाळण्या सकार-शकार व तंबोऱ्याचे सूक्ष्म स्वरही गिळतात. याकरितां 24 बिट, 96 किलोहर्ट्झची असंस्कृत प्रत जशीच्या तशी जतन करावी व संस्कार दुसऱ्या प्रतीवर करावे. लेबलावरील मजकूर, त्याच्याजवळ कोरलेला अंक, फेऱ्यांचा वेग व वापरलेली सुई यांची नोंद सोबत ठेवावी. पाठ शुद्ध करणाऱ्यानें मूळ पाठ नाहींसा करूं नये, हा पोथ्यांचा नियम येथेंही तितकाच लागू आहे.