बरोक चित्रकला : रंगांतून सांगितलेले शुभवर्तमान

शहादे तालुक्यातील सुलतानपूर हे आज एक लहान गाव आहे. चारशे वर्षांपूर्वी मात्र सुरतेहून माळव्याकडे जाणारा मार्ग येथून जात असे. 1580 च्या आरंभी बादशहा अकबराच्या निमंत्रणावरून निघालेले येशूसंघीय धर्मगुरू रुडॉल्फ अक्वाविवा व अंतोनियो मॉन्सेरात हे सुरत, कुकरमुंडा, सुलतानपूर असा प्रवास करीत सातपुडा ओलांडून फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. तेथे त्यांनी बादशहाला अँटवर्प येथे छापलेले बहुभाषी पवित्र शास्त्र भेट दिले. त्यातील कोरीव चित्रांच्या प्रतिकृती दरबारी चित्रकारांनी आवडीने केल्या. पाश्चात्त्य ख्रिस्ती चित्रकलेशी आपल्या जिल्ह्याचा असा जुना ऋणानुबंध आहे.

यानंतर सुमारे वीस वर्षांनी युरोपात जी चित्रशैली बहरली तिला ‘बरोक’ असे म्हणतात. ‘ओबडधोबड मोती’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आले असे मानले जाते. या शैलीमागे ख्रिस्तसभेची प्रेरणा होती. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 साली असे स्पष्ट केले की, पवित्र चित्राला दिलेला मान हा लाकडाला वा रंगाला नसून चित्रातील व्यक्तीला असतो आणि तारणाच्या रहस्यांचे शिक्षण भाविकांना चित्रांद्वारे देता येते. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी वेदीवरील चित्र हेच पुस्तक होते.

हे कार्य इटलीच्या कॅराव्हाज्जो (1571-1610) याने विलक्षण सामर्थ्याने केले. रोममधील सान लुईजी देई फ्रांचेझी या मंदिरातील ‘संत मत्तयास पाचारण’ (1599-1600) या चित्रात जकातदार अंधाऱ्या खोलीत नाणी मोजीत बसले आहेत. प्रभू येशू हात उंचावतो आणि त्याच दिशेने प्रकाशाचा झोत आत येतो. दिवंगत पोप फ्रान्सिस हे निवडीपूर्वी रोमला आले की या चित्रापुढे मनन करीत आणि त्या मत्तयामध्ये ते स्वतःला पाहत असत. याच चित्रकाराच्या ‘लोरेतोची माता’ या चित्रात मरियेसमोर गुडघे टेकलेल्या गरीब यात्रेकरूचे मळलेले तळवे थेट आपल्याकडे वळलेले दिसतात. त्याकाळी यावर बरीच टीका झाली. परंतु डोंगरवाटा तुडवून मिस्साला येणाऱ्या सातपुड्यातील भाविकाला त्या तळव्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

अँटवर्पच्या पीटर पॉल रुबेन्स (1577-1640) याने तेथील येशूसंघाच्या मंदिरासाठी ‘संत फ्रान्सिस झेवियरचे चमत्कार’ हे भव्य वेदीचित्र 1617-18 च्या सुमारास रंगविले. तेव्हा झेवियर यांना संतपद मिळालेले नव्हते. ते 1622 साली मिळाले. ज्यांचे पार्थिव जुन्या गोव्यात आहे, त्यांचे हे चित्र आज व्हिएन्ना येथील संग्रहालयात आहे. इटलीच्याच तान्झिओ दा वराल्लो याने नागासाकी येथे क्रुसावर प्राणार्पण करणाऱ्या फ्रान्सिस्कन हुतात्म्यांचे चित्र काढले. ते मिलान येथे आहे. 5 फेब्रुवारी 1597 रोजीच्या त्या हुतात्म्यांमध्ये आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया होते.

इतर चित्रकारही आपल्या ओळखीचे आहेत, केवळ त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. सैतानाला पायाखाली तुडविणारा देवदूत मिखाएल आपल्या घरांतील तसबिरींत दिसतो. ते मूळ चित्र ग्विदो रेनी याचे आहे. चंद्रकोरीवर उभ्या असलेल्या निष्कलंक मरियेची जी छबी घरोघरी आढळते, तिचा प्रसार मुख्यतः स्पेनच्या मुरिल्यो याच्या चित्रांमुळे झाला.

हॉलंडचा रेम्ब्रांट (1606-1669) हा प्रॉटेस्टंट होता. भारतातून तेथे गेलेल्या मुघल लघुचित्रांवरून त्याने स्वतः रेखाटने केली. त्यांपैकी वीसहून अधिक आजही उपलब्ध आहेत. झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांच्या अशाच एका चित्रावरून त्याने आब्राहाम व देवदूतांची भेट (उत्पत्ती 18) हे 1656 चे कोरीव चित्र रचले. ज्या देशात युरोपची पवित्र चित्रे आली होती, त्याच देशाच्या कलेने अशा रीतीने युरोपच्या शास्त्रचित्राला आकार दिला. आयुष्याच्या अखेरीस त्याने ‘उधळ्या पुत्राचे परतणे’ हे चित्र रंगविले. फाटक्या वहाणांनी गुडघ्यांवर आलेला मुलगा, त्याच्या पाठीवर ठेवलेले वृद्ध पित्याचे दोन्ही हात आणि बाजूला ताठ उभा असलेला मोठा भाऊ, एवढ्यातच लूकच्या पंधराव्या अध्यायाचे सार आले आहे.

ही चित्रे परकीय आहेत, आपला त्यांच्याशी काय संबंध, असा प्रश्न कधीकधी विचारला जातो. या चित्रकारांनी प्रभूला आपल्या काळातील जकातदार, यात्रेकरू व कष्टकरी यांच्यामध्ये आणून उभे केले. तोच प्रभू तळोद्याच्या बाजारात आणि अक्राणीच्या पाड्यावरही येतो. घरातील तसबिरीला हार घालताना क्षणभर थांबून ती नीट पाहावी, त्या प्रसंगाचा उतारा मुलांना वाचून दाखवावा आणि त्या चित्रात आपण कोठे उभे आहोत, हे स्वतःला विचारावे.