प्रत्यारोपित मूत्रपिंड आणि विषाणूंची साक्ष

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले म्हणजे उपचार संपले, अशी समजूत आपल्या समाजात अजूनही आढळते. मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या परिसरातील रुग्ण अशा शस्त्रक्रियेसाठी बहुधा नागपूरची वाट धरतो. परंतु त्यानंतरची वर्षे तो आपल्याच गावात काढतो. म्हणून या विषयाची तोंडओळख गावातील डॉक्टरला व रुग्णाच्या घरच्यांनाही असावी, असे मला वाटते.

मूत्रपिंड आईने दिलेले असो वा पत्नीने, शरीर त्यास परकेच मानते. त्याने ते नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. मात्रा कमी पडली तर मूत्रपिंड नाकारले जाते. अधिक झाली तर जंतुसंसर्ग बळावतो. आपण रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी मोजतो खरी. पण त्यातून औषध किती आहे एवढेच कळते, प्रतिकारशक्ती किती दबली हे कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी विषाणूंची साक्ष काढली जाते.

पहिला साक्षीदार बीके विषाणू. १९७१ साली लंडन येथे प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो सापडला. त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरेच त्यास मिळाली. बहुतेकांच्या शरीरात तो बालपणीच शिरतो व मूत्रमार्गात निपचित पडून राहतो. प्रतिकारशक्ती फार दबली की तो आधी लघवीत, मग रक्तात दिसू लागतो आणि नव्या मूत्रपिंडास इजा करतो. त्यावर खात्रीचे औषध नाही; तज्ज्ञाने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करणे हाच मुख्य उपाय. म्हणून पहिले नऊ महिने दरमहा व पुढे दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्तात त्याचा शोध घ्यावा, असे २०२४ मधील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. क्रिअ‍ॅटिनिन वाढण्याची वाट पाहिली, तर बहुधा उशीर झालेला असतो.

दुसरा साक्षीदार अधिक नवलाचा. टॉर्क टेनो हा विषाणू १९९७ मध्ये जपानमध्ये सापडला. तो बहुतेक निरोगी माणसांच्या रक्तात असतो आणि त्याच्यामुळे कोणताही रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. प्रतिकारशक्ती सबळ असता तो थोडा राहतो, ती दबली की वाढतो. जणू विहिरीतील पाण्याची खूण. व्हिएन्ना येथील संशोधकांनी शेकडो रुग्णांचा मागोवा घेऊन असे सुचविले, की दर मिलिलिटर रक्तात त्याच्या दहा लाख ते दहा कोटी प्रती असणे हिताचे. त्याखाली नकाराचा धोका वाढतो, त्यावर संसर्गाचा.

मात्र घाई नको. पहिल्या तीन महिन्यांत ही संख्या चढतच असते, त्यामुळे तेव्हाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. औषध बदलल्यावरही तिचा बदल दिसण्यास काही आठवडे लागतात. या संख्येनुसार मात्रा ठरविणे कितपत हितावह, हे पडताळण्यासाठी युरोपातील सहा देशांत तुलनात्मक चाचणी हाती घेण्यात आली. नित्याच्या उपचारात ही तपासणी अद्याप सर्वमान्य झालेली नाही. तेव्हा टॅक्रोलिमसची पातळी व क्रिअ‍ॅटिनिन यांस तूर्त पर्याय नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. अशा रुग्णास क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोल दिल्यास टॅक्रोलिमसची पातळी चढते, तर क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने ती कोसळते. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात. औषध लिहिण्यापूर्वी प्रत्यारोपण केंद्रास एक दूरध्वनी करावा.

आपला प्रदेश संत्र्यांचा. ‘संत्री चालतील का?’ असे रुग्ण हमखास विचारतात. आपली नेहमीची संत्री सहसा बाधत नाहीत. पपनस व ग्रेपफ्रूट मात्र टाळावे, कारण त्यांनी औषधाची पातळी वाढते.

कुटुंबीयांनी एवढेच ध्यानी ठेवावे : रुग्णास बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नये, आणि नागपूरची फेरी वाचावी म्हणून तपासणी टाळू नये. बीके विषाणू रक्तात उतरतो तेव्हा रुग्णास बहुधा काहीच जाणवत नाही. तपासणीलाच तो दिसतो. घरातल्याच कोणीतरी दिलेला अवयव राखायचा, तर ती वेळेवर झालीच पाहिजे.