नियम बदलले की राज्य बदलतं

५ नोव्हेंबर १९५५ची रात्र. आइस हॉकीचा सामना, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स विरुद्ध बॉस्टन ब्रुइन्स. बॉस्टनची माणसं शिक्षा होऊन बाहेर बसली होती आणि बर्फावर मॉन्ट्रियलचं संख्याबळ वाढलं होतं. ज्याँ बेलिव्होनं त्या एकाच संधीत, अवघ्या ४४ सेकंदांत तीन गोल केले. तेव्हाच्या नियमानुसार दोन मिनिटांची शिक्षा म्हणजे पुरती दोन मिनिटं. मधल्या काळात कितीही गोल होवोत, बाहेर बसलेला खेळाडू वेळ संपल्याशिवाय परतायचा नाही. पुढच्या हंगामापासून, म्हणजे १९५६-५७ पासून, नॅशनल हॉकी लीगनं (एनएचएल) हा नियम बदलला. एक गोल बसला की दोन मिनिटांची शिक्षा तिथंच संपेल, असं ठरलं. एका संघाच्या यशामुळे साऱ्या लीगला आपलं नियमांचं पुस्तक दुरुस्त करावं लागलं.

तरीही मॉन्ट्रियल थांबलं नाही. १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षं लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली चषक त्याच संघानं उचलला. त्यातले चार विजय नियम बदलल्यानंतरचे आहेत.

टोरांटोत नोकरीनिमित्त काढलेल्या वर्षांत मला या खेळाचं वेड लागलं आणि पुण्यात परतल्यावरही ते सुटलं नाही. तिथं संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा सामना इथं पहाटे साडेचार किंवा साडेपाचला लागतो. चहाचं आधण ठेवायचं, आवाज बारीक करायचा आणि बघत बसायचं. इतक्या पहाटा घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. आइस हॉकीत कोण जिंकलं हे समजायला गुणतक्ता पुरतो. का जिंकलं हे समजायचं, तर त्या काळचे नियम वाचावे लागतात. आणि चांगला नियम ओळखायची माझी कसोटी एकच आहे: ज्याला खेळता येतं त्याला खेळायला जागा मिळते का?

कबड्डीच्या प्रेक्षकाला कळेल असा खेळ

मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद आणि सगळं बर्फाचं. एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीपटू. चेंडूऐवजी पक नावाची तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबरी चकती. वीस मिनिटांचे तीन भाग. दमछाक इतकी की खेळाडू पाऊण मिनिटाच्या आसपास जीव तोडून खेळतो आणि बाकावर येतो, तेवढ्यात दुसरा बर्फावर उतरलेला असतो.

या खेळाचं मर्म शिक्षेत आहे. काठी अडकवली, पाय घातला, पक नसलेल्या खेळाडूला अडवलं, तर पंच हात वर करतो आणि दोषी खेळाडू दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये जातो. त्याच्या जागी दुसरा येत नाही. गोलरक्षक सोडून पाच जणांविरुद्ध चार, हाच तो पॉवरप्ले. कबड्डीत गडी बाद झाल्यावर उरलेल्यांवर जो भार येतो, तोच इथं येतो. फरक एवढाच की कबड्डीत आपण गुण मिळवला की आपला गडी जिवंत होतो. इथं गडी परततो तो घड्याळाच्या मेहेरबानीनं, नाहीतर आपल्यावर गोल झाल्यावर.

म्हणून बर्फावर जागा किती मोकळी आहे, यावर सगळं ठरतं. नियमांचा इतिहास हा या मोकळ्या जागेसाठी चाललेल्या भांडणाचा इतिहास आहे.

कौशल्यावर घातलेलं कुंपण

१९८० च्या दशकात एडमंटन ऑइलर्सकडे वेन ग्रेट्झ्की होता. दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूला एकदमच शिक्षा झाली की चारास चार खेळत. मोकळ्या बर्फावर ग्रेट्झ्की आणि त्याचे जोडीदार प्रतिस्पर्ध्याची धूळधाण उडवत. १९८५ मध्ये लीगनं ठरवलं की अशा जोडशिक्षेत दोन्ही संघांनी बदली खेळाडू उतरवावेत आणि पाचास पाचच खेळावं. कायदा सगळ्यांना सारखा होता, पण त्याचा रोख एका संघाकडे होता. १९९२ मध्ये तो मागे घेतला गेला. मधल्या काळात एडमंटननं १९८७, १९८८ आणि १९९० असे तीन चषक आणखी जिंकले होते. एखादा संघ फार चांगला खेळतो म्हणून मैदान आक्रसणं हा माझ्या कसोटीवर सरळ नापास होणारा नियम आहे.

याच्या उलट उदाहरण न्यू जर्सी डेव्हिल्सचं. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात खेळाडूंची भिंत उभी करायची, प्रतिस्पर्ध्याला कडेला रेटायचं, तो चुकला की पक हिसकावायचा. १९९५च्या अंतिम फेरीत डेट्रॉइटसारख्या तगड्या संघाला त्यांनी याच जोरावर ४-० असं हरवलं. त्यात गैर काहीच नव्हतं. पण बाकीच्यांनी तो डाव उचलला आणि त्याला काठीनं अडकवणं, हातानं धरून ठेवणं यांची जोड दिली. पंच काणाडोळा करत राहिले. वेगवान, चणीनं लहान खेळाडू गुदमरले आणि गोल आटले.

मग आला २००४-०५चा हंगाम, जो झालाच नाही. मालक आणि खेळाडू यांच्यातल्या आर्थिक वादात १६ फेब्रुवारी २००५ रोजी अख्खा हंगाम रद्द झाला. खेळ परतला तेव्हा नियम पालटलेले होते. आपल्या भागातून थेट मधली रेषा ओलांडून लांब पास देण्यावरची बंदी उठली. गोलरक्षकांच्या अंगावरचं अवजड साहित्य आटोक्यात आलं. दडपण झटकण्यासाठी पक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावणाऱ्या संघाला लगेच खेळाडू बदलायची मुभा राहिली नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे धरपकडीवर पंच खरोखर शिट्टी वाजवू लागले. दोन्ही संघांचे मिळून सामन्यामागे सरासरी पाचाच्या आसपास पडणारे गोल पहिल्याच हंगामात सहाच्या वर गेले. सिडनी क्रॉस्बी आणि अलेक्झांडर ओवेच्किन त्याच हंगामात लीगमध्ये आले. प्रतिभा त्यांची स्वतःची होती, पण तिला मोकळं आवार त्या वर्षी मिळालं.

त्याच सुधारणांत एक चूकही झाली. डेव्हिल्सचा गोलरक्षक मार्टिन ब्रोदर गोलच्या मागे जाऊन एखाद्या बचावपटूसारखा पक खेळवायचा. लीगनं गोलच्या मागे एक चौकट आखली आणि गोलरेषेमागे गोलरक्षकानं फक्त त्या चौकटीतच पकला हात लावावा असं बंधन घातलं. ती चौकट आजही आहे. एका खेळाडूनं मेहनतीनं कमावलेली कला अशी बंदिस्त करणं मला आजही पटत नाही.

चार संघांचं राज्य, तेरा संघांचं राज्य

२००५ मध्ये आलेला सर्वांत दूरगामी नियम मैदानावर दिसत नाही. तो वेतनमर्यादेचा. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची पोतडी ठरलेली असते, तसा हा प्रकार. पहिल्या हंगामात ही मर्यादा ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख आहे. श्रीमंत शहर असो वा लहान, खेळाडूंवर त्याहून जास्त खर्च करायचा नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९७६ ते १९९० या १५ हंगामांत चषक फक्त चार संघांनी वाटून घेतला: मॉन्ट्रियल, न्यूयॉर्क आयलंडर्स, एडमंटन आणि कॅलगरी. वेतनमर्यादा आल्यानंतर, २००६ ते २०२५ या २० हंगामांत १३ वेगवेगळे संघ जिंकले आणि त्यातल्या सात संघांचा तो पहिलाच चषक होता. कॅरोलायना, सेंट लुइस, फ्लोरिडा अशा ठिकाणच्या लोकांना चषकाची मिरवणूक बघायला मिळाली.

मी टोरांटो मेपल लीफ्सचा चाहता आहे. आमचा शेवटचा चषक १९६७चा. पैशाला कमी नसलेला हा संघ. मर्यादा उठली तर आमचंच भलं होईल असं तिथले मित्र म्हणायचे. मला ते मान्य नाही. ही मर्यादा यायच्या आधीची ३७ वर्षंही आमच्या हाती काही लागलं नव्हतं. २०१८ पासून आमच्या व्यवस्थापनानं मॅथ्यूज, मार्नर, टावारेस आणि नायलँडर या चार आघाडीपटूंभोवती संघ बांधला आणि मर्यादेतली जवळपास निम्मी रक्कम त्यांच्यावर खर्ची पडू लागली. उरलेल्या निम्म्यात बचाव, गोलरक्षक आणि बाकीचे सगळे. साखळीत गोलांचा पाऊस पडायचा, पण बाद फेरीत प्रतिस्पर्ध्यानं या चौघांना जखडलं की मागून येणारं कुणी नसायचं. दुसऱ्या फेरीपलीकडे हा संघ कधी गेलाच नाही आणि २०२५च्या उन्हाळ्यात मार्नर व्हेगासला गेला. यात दोष नियमाचा नाही, हिशेबाचा आहे.

पळवाटा मात्र नियमातच होत्या. दीर्घकाळ जायबंदी असलेल्या खेळाडूच्या पगाराइतकी रक्कम संघाला मर्यादेबाहेर खर्चता येत असे आणि बाद फेरीत तर मर्यादा लागूच नव्हती. टँपा बेचा निकिता कुचेरोव नितंबाच्या शस्त्रक्रियेमुळे २०२०-२१ची पूर्ण साखळी खेळला नाही. बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात तो उतरला, त्या फेरीत गोल आणि गोलसाहाय्य मिळून सर्वाधिक ३२ गुण त्यानंच मिळवले आणि टँपानं चषक राखला. मर्यादेपेक्षा सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर जास्तीचा संघ, तोही नियमात राहून! त्याची दुखापत खरीच होती आणि टँपानं काही लपवलं नाही. पण मर्यादा ऑक्टोबरात लागू आणि जूनमध्ये नाही, हे तर्कात बसत नव्हतं. २०२५-२६ पासून बाद फेरीच्या प्रत्येक सामन्यात उतरणारा संघ मर्यादेत बसला पाहिजे, असा नियम झाला. उशिरा झाला, पण योग्य झाला.

साखळीतले राजे

चषक म्हणजे ८२ साखळी सामन्यांनंतर सातातले चार जिंकायच्या चार फेऱ्या, एकूण १६ विजय. साखळीत घोडदौड करणारे इथं कोसळतात. टँपानं २०१८-१९ मध्ये ६२ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून चारही सामने हरले. बॉस्टननं २०२२-२३ मध्ये ६५ विजय आणि १३५ गुणांचा विक्रम केला. मग फ्लोरिडाविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊन सातवा सामना जादा वेळेत घालवला. उलट सेंट लुइस ३ जानेवारी २०१९ रोजी लीगमध्ये तळाशी होता. जूनमध्ये चषक त्याच्या हातात होता.

याची कारणं आहेत. एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात वेळा गाठ पडते, तेव्हा तुमची प्रत्येक खोड त्याला कळते. एखादा गोलरक्षक दोन आठवडे अंगात आल्यासारखा खेळला, तर मोठमोठे संघ हतबल होतात. तिसरं कारण मला खुपतं. सामना रंगात आला की पंचांची शिट्टी अबोल होते. निकाल खेळाडूंनीच ठरवावा, असं त्याचं समर्थन केलं जातं. पण नोव्हेंबरात जो गुन्हा आहे तो मे महिन्यातही गुन्हाच असला पाहिजे. शिट्टी न वाजवणं हाही निर्णयच असतो, आणि तो धरणाऱ्याच्या बाजूनं जातो, पळणाऱ्याच्या नाही.

हरल्याचा गुण

माझा सर्वांत मोठा आक्षेप गुणपद्धतीवर आहे. एनएचएलमध्ये विजयाला दोन गुण, मग तो ६० मिनिटांत मिळो, जादा वेळेत मिळो की शूटआउटमध्ये. आणि १९९९-२००० पासून जादा वेळेत हरणाऱ्यालाही एक गुण. म्हणजे सामना ६० मिनिटांत निकाली निघाला तर दोन गुण वाटले जातात, लांबला तर तीन. बरोबरी असताना शेवटच्या दहा मिनिटांत दोन्ही संघ धोका टाळू लागतात, कारण दोघांनाही एकेक गुण दिसत असतो. सर्वांत थरारक असायला हवा तो काळ सर्वांत सावध होऊन बसतो.

उपाय शोधायला फार लांब जायला नको. जागतिक स्पर्धा आणि ऑलिम्पिकमध्ये ६० मिनिटांतल्या विजयाला तीन गुण, जादा वेळेतल्या विजयाला दोन, तशा पराभवाला एक आणि सरळ पराभवाला शून्य अशी पद्धत आहे. प्रत्येक सामन्यात तीनच गुण वाटले जातात. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक लीगनंही हीच पद्धत घेतली. शिवाय तिथं एक सुंदर नियम आहे. एक खेळाडू कमी असलेल्या संघानंच गोल केला, तर त्याचा बाहेर बसलेला खेळाडू लगेच परत येतो. आपण गुण मिळवला की आपला गडी जिवंत, हे कबड्डीचं तत्त्व बर्फावर पोचलं म्हणायचं! अडचणीतल्या संघाला नुसतं तगून राहण्याऐवजी चढाई करावीशी वाटते. कौशल्याला जागा देणारा नियम असा असतो.

बेलिव्होच्या ४४ सेकंदांना ७० वर्षं झाली. नियम बदलल्यानंतरही मॉन्ट्रियलनं आणखी चार चषक जिंकले, कारण नियमानं त्यांची एक संधी कमी केली होती, खेळ हिरावला नव्हता. नियम बदलताना एनएचएलनं हे भान सांभाळावं, पंचांनी जूनमध्येही नोव्हेंबरासारखीच शिट्टी वाजवावी, आणि ६० मिनिटांत सामना जिंकणाऱ्याला तीन गुण द्यावेत.