स्प्रिंग बदलली, पण वेग मोजला का?

पेंटबॉलच्या मार्करमध्ये (हो, मुरलेले खेळाडू ‘बंदूक’ म्हणत नाहीत) कडक स्प्रिंग टाकली की पॉवर वाढते, हे अर्धंच खरं. टिपमन ९८ सारख्या मेकॅनिकल मार्करमध्ये मागची मेन स्प्रिंग हॅमरला ढकलते, हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो आणि गॅस सुटतो. ही स्प्रिंग कडक केली की व्हॉल्व्ह जास्त उघडतो. बॉल जोरात सुटतो, पण टाकीही भराभर रिकामी! व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक केली, तर नेमकं उलटं. म्हणजे जोडी जमली पाहिजे.

बऱ्याच मैदानांवर मर्यादा सेकंदाला ३०० फूट, काही ठिकाणी २८०. मास्कही याच हिशेबाने बनतात. आता अकरावीचं फिजिक्स आठवा: वेग १० टक्के वाढला की ऊर्जा २१ टक्के वाढते. ती समोरच्याच्या अंगावर, चुकून मास्क सरकला असेल तर डोळ्यावर. नेम मात्र सुधारत नाहीच.

जुनी स्प्रिंग बसली असेल, प्रत्येक शॉटचा वेग वेगळा येत असेल, तर बिनधास्त बदला. फक्त उघडण्याआधी हॉपर आणि नळी रिकामी करा, टाकी काढा, आत अडकलेला गॅस सोडा. जोडून झाल्यावर क्रोनोग्राफवर पाच-सहा शॉट मारा. आकडा जास्त आला तर वेगाचा स्क्रू फिरवून खाली आणा आणि पुन्हा मोजा.