आघातानंतरचे मन आणि संमोहन उपचार

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या इमारतीला लागून उभा असलेला एक पुतळा आपण कदाचित पाहिला असेल. पायघोळ झगा घातलेला एक धर्मगुरू हात पसरून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री मागे कलंडते आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ सालचा. तो आहे आबे फारिया यांचा. १७५६ साली बार्देशातील कांदोळी येथे जन्मलेला हा गोमंतकीय पुढे पॅरिसला गेला आणि १८१३ पासून तेथे संमोहनाची जाहीर प्रात्यक्षिके देऊ लागला.

पुतळा पाहणाऱ्याला वाटते की, त्या पसरलेल्या हातांतून काहीतरी शक्ती निघते आहे आणि ती स्त्री तिच्यापुढे हतबल झाली आहे. फारियांचे म्हणणे मात्र याच्या नेमके उलट होते. त्यांच्या आधी व्हिएन्नाच्या फ्रान्झ मेस्मर यांनी 'प्राणिज चुंबकत्वा'चा सिद्धान्त मांडला होता. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या, बेंजामिन फ्रँकलिन आणि लावाझिए यांच्यासारखे वैज्ञानिक असलेल्या समितीने असे कोणतेही चुंबकत्व नसल्याचा निर्वाळा दिला. परिणाम दिसतात ते कल्पनाशक्तीचे, असे समितीला आढळले. फारिया आणखी एक पाऊल पुढे गेले. संमोहन करणाऱ्याच्या अंगी काहीच विशेष नसते. जे घडते ते समोरच्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनात घडते, असे त्यांनी ठामपणे सांगितले.

दोनशे वर्षांपूर्वीचा हा विचार आज आपल्या घराशी का संबंधित आहे, हे एका उदाहरणातून पाहू.

'झाले ते झाले' असे म्हणून होत नाही

समजा, तुमच्या वहिनींचा आठ महिन्यांपूर्वी घाटात अपघात झाला. हाड जुळले, टाके सुकले, डॉक्टरांनी 'आता सर्व ठीक आहे' असेही सांगितले. पण मागून ट्रकचा कर्णा वाजला की त्यांचे हातपाय गार पडतात. रात्री अडीच-तीनला दचकून जाग येते. माहेरची वाट घाटातून जाते, म्हणून दिवाळीला त्या गेल्याच नाहीत. पूर्वी हसतमुख असलेल्या वहिनी आता मुलांवर क्षुल्लक कारणाने चिडतात आणि मग एकट्याच रडत बसतात. घरातली माणसे प्रेमानेच म्हणतात, "झाले ते झाले, विसरा आता." वहिनीही तेच म्हणतात. तरी विसरले जात नाही.

हा मनाचा दुबळेपणा नव्हे. जीवघेण्या प्रसंगी मेंदूतील धोक्याची सूचना देणारी यंत्रणा पूर्ण जोराने कामाला लागते. सर्वसाधारण आठवण काळ आणि स्थळ यांच्या चौकटीत बसते; ती आठवताना 'हे तेव्हाचे आहे' हे आपल्याला ठाऊक असते. आघाताची आठवण मात्र पुष्कळदा अशी चौकटीत बसत नाही. ती आवाज, वास, अंगावरचा शहारा अशा तुकड्यांत राहते आणि एखादा तुकडा डिवचला गेला की शरीराला तो प्रसंग आत्ता, या क्षणी घडत असल्यासारखे वाटते. अशी लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि दैनंदिन जीवन विस्कळीत करू लागली, तर डॉक्टर 'आघातोत्तर तणाव विकार' किंवा पीटीएसडी या निदानाचा विचार करतात. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेत या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले.

अशा वेळी कोणीतरी एखादी जाहिरात घेऊन येते : 'तीन बैठकांत भूतकाळ पुसून टाका, संमोहनाने कायमची मुक्ती!' येथेच आपण थांबून विचार करायला हवा.

संमोहन म्हणजे नेमके काय?

संमोहन ही झोप नव्हे. मेंदूच्या विद्युत्-आलेखात संमोहित व्यक्ती जागीच असल्याचे दिसते. 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ करणारे मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनाही झोपेच्या ग्रीक देवतेवरून घेतलेले हे नाव पुढे खटकू लागले होते. अवधान एका गोष्टीवर खोलवर केंद्रित होणे, आजूबाजूचे भान तात्पुरते मागे पडणे आणि दिलेल्या सूचनेला मन एरवीपेक्षा अधिक सहजतेने प्रतिसाद देणे, ही या अवस्थेची लक्षणे. एखाद्या कादंबरीत गढून गेल्यावर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, हा अनुभव आपल्याला आहेच. ती या अवस्थेची जवळची बहीण म्हणता येईल.

रंगमंचावरील मोहिनीविद्येचे प्रयोग पाहून अनेकांना भीती वाटते : आपल्या तोंडून गुपिते बाहेर पडतील का? आपण जागेच झालो नाही तर? प्रत्यक्षात संमोहित व्यक्ती बोलणे ऐकत असते, नको असलेली सूचना नाकारू शकते आणि डोळे उघडून उठूही शकते. प्रत्येक व्यक्तीची ग्रहणक्षमता मात्र सारखी नसते. साधारण दहा ते पंधरा टक्के लोक अतिशय सहज संमोहित होतात, जवळपास तितक्याच लोकांवर फारसा परिणाम होत नाही, उरलेले मध्ये कोठेतरी असतात. याचा बुद्धीशी किंवा इच्छाशक्तीशी संबंध नाही. म्हणून 'माझ्यावर काही झाले नाही' याचा अर्थ आपण उपचाराला अपात्र ठरलो, असा होत नाही. आपला मार्ग वेगळा आहे, इतकेच.

उपचाराची वाट

प्रशिक्षित चिकित्सक पहिल्याच भेटीत संमोहन करत नाही. आधी सविस्तर मुलाखत होते : लक्षणे, झोप, औषधे, पूर्वीचे आजार, आत्महत्येचे विचार, घरातील आधार. संमोहनात काय घडेल हे समजावून सांगितले जाते आणि संमती घेतली जाते. त्यानंतर श्वासावर किंवा एखाद्या बिंदूवर लक्ष स्थिर करायला सांगून, हळूहळू शरीर सैल सोडायला शिकवून ती अवस्था आणली जाते.

आघाताच्या उपचारात पहिला टप्पा असतो मनाला स्थैर्य देण्याचा. वहिनींना एखादी सुरक्षित जागा मनात उभी करायला सांगितले जाईल : आजोळचे अंगण असेल, तुळशीवृंदावनाजवळची सकाळ असेल. त्या जागेशी जोडलेला श्वास आणि एखादी छोटी खूण, उदाहरणार्थ अंगठा आणि तर्जनी जुळवणे, पुन्हा पुन्हा सरावाने पक्की केली जाते. पुढे ट्रकचा कर्णा ऐकून छाती धडधडू लागली, तर तीच खूण त्यांना वर्तमानात परत आणण्यास मदत करते. हे स्वसंमोहन घरी रोज दहा-पंधरा मिनिटे करायचे असते. म्हणजे उपचाराची सूत्रे हळूहळू चिकित्सकाकडून रुग्णाच्या हाती येतात.

दुसऱ्या टप्प्यात, आणि तोही रुग्णाची तयारी झाल्यावरच, प्रसंगाकडे सुरक्षित अंतरावरून पाहिले जाते. समोर एक पडदा आहे, त्यावर तो प्रसंग दिसतो आहे. चित्र लहान करता येते, थांबवता येते, आवाज बंद करता येतो. काही वेळा पडद्याचे दोन भाग कल्पिले जातात. एकीकडे जे घडले ते, आणि दुसरीकडे त्या वेळी स्वतःला किंवा इतरांना वाचवण्यासाठी आपण जे केले ते. 'मी काहीच करू शकले नाही' असे मानणाऱ्या वहिनींना कदाचित तेथे दिसेल की, अपघाताच्या क्षणी त्यांनी मुलाला छातीशी घट्ट धरले होते. तिसरा टप्पा रोजच्या जगण्यात परतण्याचा : आधी घाटाच्या पायथ्यापर्यंत, मग अर्ध्यावर, मग माहेरी.

या प्रवासात आठवण पुसली जात नाही. तिला तिची तारीख मिळते. ती भूतकाळात जाऊन बसते.

संशोधन काय सांगते?

ब्रिटिश वैद्यक संघटनेने १९५५ मध्ये वैद्यकीय उपचारांतील संमोहनाच्या वापराला अनुकूल अहवाल दिला. वेदना, वैद्यकीय प्रक्रियांपूर्वीची चिंता आणि आतड्यांचा क्षोभ म्हणजे आयबीएस यांमध्ये त्याच्या उपयोगाला चांगला आधार आहे. आघाताच्या बाबतीत चित्र अधिक सावध आहे. ऑस्ट्रेलियातील रिचर्ड ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आघातानंतरच्या तीव्र तणावाने त्रस्त व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोधात्मक-वर्तन उपचाराला संमोहनाची जोड दिलेल्या गटात, प्रसंग पुन्हा अनुभवण्याची लक्षणे उपचार संपताना अधिक कमी झाली होती. सहा महिन्यांनी मात्र संमोहन मिळालेला आणि केवळ बोधात्मक-वर्तन उपचार मिळालेला, असे दोन्ही गट जवळपास बरोबरीत होते.

यातून आपण काय घ्यावे? आघातोत्तर विकारासाठी आज पहिली पसंती आघात-केंद्रित बोधात्मक-वर्तन उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारित ईएमडीआर यांना दिली जाते. गरजेनुसार औषधेही दिली जातात. संमोहन हे या उपचारांच्या सोबतीने चालणारे साधन आहे. ते झोप, बेचैनी आणि शरीराचा ताण हलका करू शकते, मुख्य उपचाराला सामोरे जाण्याचे बळ देऊ शकते. त्याच्या भरवशावर चालू औषधे स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे.

एक गंभीर इशारा

'संमोहनात दडलेल्या आठवणी बाहेर काढू' असे कोणी म्हणाले, तर तेथून उठून यावे. स्मृती ही ध्वनिमुद्रिका नाही. प्रत्येक वेळी आठवताना आपण ती नव्याने जुळवतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये दाखवले की, 'लहानपणी तू बाजारात हरवला होतास' अशी खोटी गोष्ट नातेवाइकांच्या हवाल्याने सांगितल्यावर सुमारे एक चतुर्थांश लोकांना ती अंशतः तरी 'आठवू' लागली. तेथे संमोहन नव्हतेच. संमोहनात आठवणींची अचूकता वाढत नाही, त्यांच्याविषयीची खात्री मात्र वाढू शकते. न घडलेल्या अत्याचाराची 'आठवण' एखाद्या कुटुंबाला उद्ध्वस्त करू शकते, आणि खरोखर घडलेल्या अत्याचाराच्या साक्षीवर न्यायालयात शंका घेतली जाऊ शकते. पूर्वजन्मात नेणाऱ्या बैठकांनाही वैज्ञानिक आधार नाही.

भ्रम-भास होणारे आजार, उन्मादाची अवस्था, वारंवार स्वत्वाचे भान हरपणे किंवा आत्महत्येचे तीव्र विचार असतील, तर संमोहनाचा आग्रह धरू नये. आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.

कोणाकडे जावे?

संमोहनाचे प्रमाणपत्र थोड्या दिवसांच्या शिबिरातूनही मिळते. त्यामुळे केवळ 'हिप्नोथेरपिस्ट' ही पाटी पुरेशी नाही. जो चिकित्सक संमोहनाविनाही तुमच्या आजारावर उपचार करण्यास पात्र आहे, त्याच्याकडेच संमोहनासाठी जावे. मनोविकारतज्ज्ञ असल्यास वैद्यक परिषदेची आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. विचारण्यात संकोच नको. खऱ्या तज्ज्ञाला त्याचा राग येत नाही. अंदाजे किती बैठका, खर्च किती, फरक पडला नाही तर पुढे काय, हेही विचारा. घरातील कोणी सोबत बसावे असे रुग्णाला वाटत असेल, तर तसे मोकळेपणाने सांगा. हमी देणारा, घाई करणारा किंवा 'घरी सांगू नका' असे बजावणारा माणूस टाळा. मानसिक आरोग्यसेवा मिळणे आणि आपली माहिती गोपनीय राहणे, हे दोन्ही मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आपले हक्क आहेत. कोठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

आणि घरातल्यांनी काय करावे? 'विसरा' हा शब्द काही काळ बाजूला ठेवावा. वहिनी बोलतील तेवढेच ऐकावे. त्या थांबल्या तर पुढचे खोदून विचारू नये. रात्री दचकून जाग आली, तर दिवा लावून, नावाने हाक मारून, आज कोणता वार आहे आणि आपण कोठे आहोत हे शांतपणे सांगावे. त्यांच्या स्वसंमोहनाच्या पंधरा मिनिटांत दाराची घंटा वाजली, तर दार आपण उघडावे.

बरे होण्याची क्षमता त्या व्यक्तीच्याच मनात असते, हे कांदोळीच्या त्या सुपुत्राने सांगून ठेवले आहे. ती क्षमता जागी होईपर्यंत तिच्याभोवती सुरक्षित वातावरण राखणे, एवढे काम चिकित्सकाचे आणि आपले आहे. पुढच्या दिवाळीला वहिनी घाट ओलांडून माहेरी पोहोचल्या, तर त्या वाटेवर कर्णे तसेच वाजत असतील. फक्त त्यांना ठाऊक असेल की, तो अपघात मागे राहिला आहे आणि ही गाडी आजची आहे.