बॅटरीवरचे क्षितिज

पावसाळ्यात देवगाव रंगारीहून कन्नडमार्गे चाळीसगावला जाणाऱ्यांना औट्रम घाटातले धुके नवे नाही. दिवे लावायचे, वेग कमी करायचा, अगदीच काही दिसेना तर गाडी कडेला घ्यायची. छोट्या विमानाच्या पायलटला यातला शेवटचा उपाय नसतो. ढगात शिरल्यावर उडत राहणे भाग असते, आणि तिथे त्याचे स्वतःचे शरीरच त्याला फसवू लागते.

तोल सांभाळणारे आपल्या कानातले द्रव एका गतीने चाललेल्या वळणाला लवकरच सरावतात. विमान कललेले असते आणि पायलटला वाटते, आपण सरळ चाललो आहोत. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 1954 साली उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या 20 जणांना बाहेरचे काही न दिसणाऱ्या परिस्थितीत उडायला लावले. विसांपैकी एकालाही विमान सावरता आले नाही. ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले, म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाहीत.

यावरचा उपाय त्याआधीच सापडला होता. 24 सप्टेंबर 1929 रोजी जिमी डूलिटल या अमेरिकी वैमानिकाने झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, केवळ उपकरणे बघत विमान उडवले आणि उतरवलेही. त्यातले मुख्य उपकरण होते विमानाचे कलणे दाखवणारे कृत्रिम क्षितिज. त्याच वर्षी फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला पहिला पायलट परवाना मिळाला होता. ते ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकले, त्याचे प्रशिक्षण आता घाटाच्या पलीकडे धुळ्यात चालते.

जुन्या धाटणीच्या कृत्रिम क्षितिजाच्या पोटात जायरो असतो. वेगात फिरणारा भोवरा जसा आपला आस सोडत नाही, तसाच विमान कलले तरी जायरो कलत नाही. दोघांमधला फरक तबकडीवर दिसतो. जायरो फिरवायला वारा लागतो. इंजिनाला जोडलेला व्हॅक्यूम पंप उपकरणातली हवा ओढून घेतो, गाळणीतून आत घुसणारी नवी हवा जायरोच्या कडेवर आपटते आणि तो मिनिटाला हजारो फेरे घेतो. त्यासाठी पाऱ्याच्या साधारण साडेचार ते साडेपाच इंच इतके ओढीचे बळ पुरते. दिशा दाखवणारे हेडिंग इंडिकेटरही याच हवेवर चालते. वळण दाखवणारी तबकडी मात्र बहुधा विजेवर ठेवतात, म्हणजे एक व्यवस्था बंद पडली तरी दुसरी हाताशी राहते.

दुखणे पंपात आहे. अलीकडच्या पंपांची पाती कार्बनची असतात. त्यांना तेल लागत नाही, पण ती झिजतात आणि एके दिवशी पूर्वसूचना न देता तुटतात. पंप थांबला तरी जायरो लगेच थांबत नाही. त्याचा वेग हळूहळू उतरतो आणि तबकडीवरचे क्षितिज सावकाश एका बाजूला झुकत जाते. उपकरण सरळच बंद पडले तर पायलट सावध तरी होईल. हे चालू असल्यासारखे दिसते, पायलट त्याच्यावर विश्वास ठेवून विमान वळवतो आणि जमिनीकडे जाणाऱ्या गिरकीत सापडतो. म्हणून इन्स्ट्रक्टर ही तबकडी मुद्दाम झाकून विद्यार्थ्याला उरलेल्या उपकरणांवर उडायला लावतात.

यावर तोडगा म्हणजे इलेक्ट्रॉनिक क्षितिज. त्यात फिरणारा जायरो नाही, पंप नाही, हवेच्या नळ्या नाहीत. चिपवरचे सूक्ष्म सेन्सर विमानाचे कलणे आणि वेगातला फरक मोजतात, प्रोसेसर त्यावरून पडद्यावर क्षितिज काढतो. गडबड झाली तर बहुतेक उपकरणे पडद्यावर लाल फुली दाखवून स्वतःहून तसे सांगतात. किंमत आणि कागदपत्रांमुळे जुन्या विमानांना ती पूर्वी परवडत नव्हती. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने छोट्या विमानांतली व्हॅक्यूमवरची क्षितिजे बदलण्याची वाट सोपी केली. 2016 मध्ये डायनॉन डी10ए आणि गार्मिन जी5 या इलेक्ट्रॉनिक क्षितिजांना जुन्या विमानांत बसण्याची मान्यता मिळाली. जी5 ची स्वतःची बॅटरी चार तासांपर्यंत टिकते.

या बदलात एक पेच आहे. व्हॅक्यूम पंप कितीही बेभरवशाचा असला तरी विमानाच्या विजेशी त्याचा संबंध नव्हता. सेस्ना 172 या छोट्या विमानात गार्मिन जी1000 चे मोठे पडदे आले, तेव्हा सुरुवातीच्या विमानांत राखीव क्षितिज व्हॅक्यूमवरच ठेवले होते, ते याच कारणाने. पंप काढून सगळेच विजेवर नेले आणि वीज तयार करणारा अल्टरनेटर बंद पडला, तर मुख्य पडदा आणि राखीव पडदा दोन्ही एकाच कारणाने विझू शकतात. राखीव उपकरणाची वेगळी बॅटरी हाच त्याचा प्राण आहे. ती जुनी झाली, तिची चाचणी चुकली, तर पॅनेलवर राखीव उपकरण दिसते आहे एवढेच समाधान उरते.

महाराष्ट्रासाठी हा विषय दूरचा नाही. बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर येथे वैमानिक घडतात. अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या प्रशिक्षण संस्थेसाठी एअर इंडियाने 31 पायपर आणि 3 डायमंड विमाने मागवली. नवी विमाने पडद्यांची आहेत, पण देशातल्या शाळांत तबकड्यांची जुनी सेस्नाही उडतात. अशा विमानात बदल करायचा तर परदेशी मान्यता असून भागत नाही, तो भारताची विमान वाहतूक नियामक संस्था डीजीसीए हिच्या नियमांत बसवून, परवानाधारक इंजिनिअरकडूनच करून घ्यावा लागतो.

व्यावसायिक परवान्यासाठी किमान 200 तास उड्डाण लागते आणि त्यासाठी अनेक कुटुंबे कर्ज काढतात. कन्नड-वैजापूरकडच्या एखाद्या घरातून मुलगा किंवा मुलगी पायलट व्हायला निघाली असेल, तर पालकांनी फी आणि वसतिगृहासोबत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. विमानातले राखीव क्षितिज कशावर चालते? मुख्य वीज गेल्यावर ते किती वेळ टिकते? त्याची बॅटरी शेवटची कधी तपासली? चांगली शाळा या प्रश्नांना वैतागणार नाही, नोंदवही उघडून दाखवेल.